मुलींनी स्वतः नृत्य बसवावे, यासाठी सुरुवात कशी करावी?

प्रश्न: माझ्या दहा-बारा वर्षांच्या विद्यार्थिनी शिकवलेले नृत्य चोख करतात, परंतु ‘आता स्वतः काही बसवा’ असे म्हटले की गोंधळून एकमेकींकडे पाहत राहतात. काय करावे?

उत्तर १: पूर्ण मोकळीक हीच खरी अडचण असते. आठ मात्रा, तीन हालचाली आणि एक थांबा एवढेच द्यावे. मग तोच तुकडा निम्म्या लयीत, बसून किंवा पाठमोरे होऊन करायला सांगावे.

उत्तर २: अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम १९५० च्या दशकात नाणे उडवून हालचालींचा क्रम ठरवीत असत. मुलींना हा खेळ आवडतो, शिवाय रचना फसली तर दोष नाण्याचा!

उत्तर ३: संगीत मात्र शेवटी लावावे, कारण ओळखीचे गाणे ऐकताच पूर्वी पाहिलेल्याच हालचाली अंगात येतात.