अतिदक्षता विभागात पुतळ्यावरचा सांघिक सराव खरोखर हवा का?

मिरजेची सिस्टर:
गेल्या महिन्यात आमच्या विभागात असा सराव झाला. रुग्णाच्या जागी माणसाच्या आकाराचा पुतळा ठेवून त्याचे हृदय थांबले आहे असे धरायचे आणि त्या पाळीत हजर असणाऱ्यांनीच धावायचे. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, हे सर्वांना तोंडपाठ होते. तरीही डॉक्टरांनी ‘अ‍ॅड्रेनलिन द्या’ म्हटल्यावर दोघींनी सिरिंज भरली आणि दिले कोणीच नाही, कारण कोणा एकीचे नाव घेतलेले नव्हते. ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तर त्याची चावी शेजारच्या वॉर्डात. ती कुठे असते हे फक्त वॉर्डबॉय मामांना ठाऊक होते, आणि मामांना सरावाला बोलावलेच नव्हते! असा सराव दरमहा, कामाच्या जागीच आणि मामा-मावशींसह व्हावा, असे माझे मत आहे.

विट्याचा डॉक्टर:
सिस्टर, हे मोठ्या रुग्णालयापुरते ठीक आहे. माझ्या १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि वरच्या मजल्यावर राहणारा मी, एवढेच असतो. दोन मिनिटांनी बदलायचा माणूस आणायचा कोठून? शिवाय शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत पुण्याला जाते. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ माणसे गेली आणि त्यानंतर वैमानिकांचे सांघिक प्रशिक्षण रुजले, हे उदाहरण सगळेच देतात. पण वैमानिकाला विश्रांतीही सक्तीची असते, आणि आमच्याकडे सिस्टर सलग दुसरी पाळी करतात, हे मात्र कोणी बोलत नाही.

कराडचा भूलतज्ज्ञ:
टेनेरिफला एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी मोकळी झाली आहे ना, अशी शंका काढली होती आणि ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली. आपल्याकडे सिस्टरने ‘सर, डोस पुन्हा बघता का?’ म्हणण्यासाठी किती वर्षांची नोकरी लागते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. भूलशास्त्रात स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी असे प्रशिक्षण आणले, ते मुख्यतः याचसाठी. मात्र महागड्या पुतळ्यांचा मी भक्त नाही. प्लास्टिकखाली झाकून ठेवलेले बरेच पाहिले आहेत. आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर सरावाने संघातील समन्वय सुधारतो याचा पुरावा चांगला आहे, मृत्यू घटतात हे दाखवणे अवघड आहे.

विट्याचा डॉक्टर:
मग माझा पैसा आधी दुसऱ्या सिस्टरच्या पगारावर जाईल.

मिरजेची सिस्टर:
डॉक्टर, पुतळा घेऊच नका, घट्ट उशी चालेल. तिघांतही छाती कोणी दाबायची आणि १०८ ला फोन कोणी लावायचा, हे आधी ठरवता येते. मावशींना छाती दाबायला शिकवलेत, तर बदलीचा माणूस तुमच्या घरातच आहे. आमची चावी आता साखळीने सिलिंडरलाच बांधली आहे. पगाराबाबत मात्र मी तुमच्याच बाजूची आहे, कारण तो सराव मी रात्रपाळी संपवून, घरी न जाता केला होता.