कॉर्न्ड बीफचा डबा अजून का खपतो?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
तेरा वर्षं बोटीवर काढली, बहुतेक सगळी फिलिपिनो क्रूसोबत. सकाळी आठला वॉच संपवून इंजिन रूममधून वर आलो की मेसमध्ये ठरलेला वास, लसणीवर परतलेला शिळा भात, वर अंडं आणि बाजूला कांदा-बटाट्यात खरपूस केलेलं डब्यातलं कॉर्न्ड बीफ. पहिल्या बोटीवर नाक मुरडलं, तिसऱ्या महिन्यात कढई खरवडायला मीच पुढे. फ्रीझरमध्ये चांगलं मटण पडलेलं असताना ही माणसं डबाच मागायची आणि पोर्टला उतरली की घरी पाठवायच्या खोक्यात पण तेच डबे कोंबायची. त्यामुळे लोक हे नाइलाजाने खातात असं कोणी म्हटलं की मला पटत नाही, आवडतं म्हणून खातात. (कॉर्न म्हणजे मका नव्हे, मिठाचे जाडे खडे, त्यात मांस खारवायचे. आधीच सांगून ठेवतो.)

मीठभाकर:
आवड नंतर लागते हो, आधी माथी मारलं जातं. उरुग्वेत फ्राय बेंतोसला लीबिग कंपनीचा कारखाना होता, सुरुवात मांसाचा अर्क काढून युरोपात विकण्यापासून, मग डबे, आणि दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सैनिकाच्या पोटात हेच. सैनिकांना वीट यायचा. पण युद्ध संपलं तरी डबा स्वयंपाकघरात राहिलाच. फिलिपिन्सला अमेरिकनांनी सवय लावली. यात चवीचं काय कौतुक? आपल्याला चहा असाच लावला की इंग्रजांनी.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
मग सोडा चहा.

मीठभाकर:
😂 ते जमणार नाही. पण डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०१५ ला प्रोसेस्ड मांस सिगारेटच्या गटात टाकलंय, ते विसरू नका.

डबा_टेक्नॉलॉजी:
हे दरवेळी अर्धवट सांगतात. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. म्हणून रोज खा असं नाही, मीठ बेसुमार असतं आणि तो गुलाबी रंग नायट्राइटचा, म्हणजे मांस टिकवायला घालतात त्या क्षाराचा. पण डब्याचा खरा इतिहास बघायचा तर १९६४ चं स्कॉटलंडमधलं अ‍ॅबर्डीन बघा. अर्जेंटिनात डबे शिजवून झाल्यावर नदीच्या पाण्यात गार केले, पाण्यात क्लोरीन नाही, एखाद्या डब्याला सांध्यात बारीक भोक असणार, तिथून टायफॉइडचे जंतू आत. दुकानात तो मोठा डबा फोडून मशीनवर काप काढले, त्याच मशीनवर बाकीचं मांस पण कापलं, चारशेहून जास्त लोक आजारी. एवढं होऊन पण इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डबा बंद झाला नाही. नुसती सवय असती तर त्या भीतीनेच सुटली असती, असं मला वाटतं.

ऑकलंडची_काकू:
मी स्वतः खात नाही पण रोज बघते म्हणून लिहिते. शेजारी टोंगन कुटुंब आहे, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचं. रविवारी अळूची पानं एकावर एक लावायची, मधे डब्यातलं बीफ, कांदा, नारळाचं घट्ट दूध, पुरचुंडी बांधून ओव्हनमध्ये. लू पुलू म्हणतात. मी आपली अळूवडीच्या हिशेबाने विचारलं, अगं चिंच कुठाय, घसा नाही खाजणार? हसली, म्हणाली भरपूर शिजू दे, काही होत नाही. तिकडच्याच सामोआ बेटांवरचे लोक या डब्याला पिसुपो म्हणतात, पी सूपवरून, कारण त्यांच्याकडे आधी आलं ते वाटाण्याचं डबाबंद सूप. लग्नाला, मयताला डबेच्या डबे देतात, आपल्याकडे आहेराचं असतं ना तसं, कमी दिले की चर्चा. आता मीठभाकरांचं पण खरं आहे, तिचा नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. डब्याने झालं असं मी म्हणत नाही. पण रविवारी त्याच्या ताटात पुरचुंडी अर्धीच असते आणि तो बायकोच्या ताटाकडे बघत बसतो.

मीठभाकर:
काकू, यावर काय बोलणार. पण मग हेच तर म्हणतोय मी, ताजे मासे खाणाऱ्या बेटावर डबा मानाचा झाला कसा?

ऑकलंडची_काकू:
बाहेरून आलेलं, पैसे मोजून घेतलेलं, म्हणून मानाचं. मासे काय, समुद्रात असतातच. आमच्या आजीच्या गावात पण पाहुण्यांना घरच्या भाकरीऐवजी बेकरीचा पाव द्यायचे.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
हे पटलं. पण बेकरीच्या पावाचं कौतुक ओसरलं, डब्याचं नाही ओसरत. कारण तव्यावर काय होतं ते बघा. डबा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर कापताना भुगा होतो. चावी फिरवताना पत्र्याची पट्टी सरळ निघाली तर नशीब, माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे. मग रुंद बाजू खाली करून ठोकायचा, अख्खा ठोकळा बाहेर, तो तिरका आकार त्याचसाठी, शिकागोत १८७५ ला पेटंट घेतलेला. तेल घालायचं नाही, कडेची पांढरी चरबीच सुटते. आणि हलवायचं नाही!! खालून लाल पापडी धरेपर्यंत हात लावायचा नाही, आमचा चीफ कुक उलथनं काढून घ्यायचा हातातून.

शुद्धशाकाहारी_तरीही:
कुयरीची भाजी करू का अशी? कच्चा फणस उकडून ठेचला की धागे तसेच दिसतात.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
दिसेल तसं. चरबी कुठून आणणार?

शुद्धशाकाहारी_तरीही:
खोबरेल.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
हं. करा आणि फोटो टाका.