दोन फुटी टँकमध्ये टेट्रा-कोरींसोबत फायटर (बेटा मासा) ठेवता येईल का? सल्ला हवा

मुठेकाठी

नमस्कार मंडळी. घरी दोन फूट लांबीचा, साधारण 60 लिटरचा टँक आहे. वर्षाहून जास्त काळ नीट चाललाय, माशांना घातक असलेलं अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतं. आत 8 निऑन टेट्रा, 6 ब्राँझ कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे), 4 नर गप्पी आणि दुकानदाराने "काच साफ ठेवेल" म्हणून दिलेला एक सकर मासा आहे. झाडं म्हणजे अनुबियास, जावा मॉस आणि भरपूर हायड्रिला. फिल्टर मागे अडकवायचा आहे, त्याची धार बऱ्यापैकी जोरात पडते. हीटर नाही.

लेकीचा जीव निळ्या हाफमून, म्हणजे मोठ्या पंखांच्या फायटरवर जडलाय. दुकानदार म्हणतो, एकच नर ठेवलात तर काही होत नाही. एक ओळखीचे म्हणतात, दुसऱ्या दिवशी गप्प्यांच्या शेपट्या शिल्लक राहणार नाहीत. कायमचा दुसरा टँक मांडायला घरात जागा नाही. पाणी महापालिकेचं, पण उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते. ज्यांनी असा टँक खरोखर चालवलाय त्यांनी सांगा, आणू की नको?

दोनफुटी

गप्पी असतील तर नको. गप्पी दुसऱ्या कुणाला देणार असाल तर पुढचं बोलू.

शेवाळ

ताई, दुकानदार आणि तुमचे ओळखीचे, दोघेही अर्धंच सांगतायत. फायटर कम्युनिटीत, म्हणजे इतर जातींच्या माशांसोबत राहतो, पण सोबत कोण आहे आणि तो स्वतः कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं. सोबतीचे मासे आपल्या हातात असतात. फायटरचा स्वभाव मात्र घरी आणल्यावरच कळतो. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन नरांपैकी एक टेट्रांकडे ढुंकून बघत नाही आणि दुसरा जेवण सोडून त्यांच्या मागे फिरत राहतो.

हा मूळचा थायलंडचा मासा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या दलदलींचा आणि भातखाचरांचा. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. पावसाळ्यात कोकणातलं खाचर दिसतं तसंच त्याचं घर: पाणी उथळ, गवत दाट, प्रवाह जवळजवळ नाहीच. तिथे प्रत्येक नर आपापला तुकडा राखून असतो. दुसरा नर आला की दोघं कल्ले फुगवतात, थोडी झटापट होते आणि हरणारा गवतात पळून जातो. काचेच्या पेटीत हरणाऱ्याला पळायला वाट नसते, म्हणून तीच झटापट जिवावर बेतते. त्यामुळे टँक किती लिटरचा आहे याच्याइतकंच, आतल्या माशाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येतं का, हे बघा. तुमचं हायड्रिला ही मोठी जमेची बाजू आहे. ते सगळं मागच्या काचेला न लावता मधोमध एक दाट पट्टा करा, म्हणजे या टोकावरून ते टोक दिसणार नाही. वर थोडी तरंगती झाडं सोडा. पण पृष्ठभागाचा एक कोपरा मोकळा ठेवा, कारण फायटर वर येऊन हवा घेतो. त्याच्या डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी त्याला वर यावंच लागतं. झाकण हवंच, तो उडी मारतो.

आता तुमची यादी. गप्पी काढाच. रंगीत, मोठी शेपटी हलवत फिरणारा नर गप्पी फायटरला प्रतिस्पर्धी वाटतो. शिवाय गप्पीला कठीण (जास्त क्षारांचं), अल्कधर्मी पाणी मानवतं, फायटरला मऊ (कमी क्षारांचं). सकर परत द्या. तो वाढून फूटभराच्या वर जातो, 60 लिटरमध्ये तसंही त्याचं भविष्य नाही, आणि रात्री संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायची त्याला सवय लागू शकते. मात्र कृपा करून नदीत किंवा तलावात सोडू नका. हे परदेशी सकर देशातल्या कितीतरी जलाशयांत पसरलेत आणि मच्छिमारांची जाळी फाडतायत.

कोरी उत्तम, त्या तळाशी असतात आणि कुणाच्या वाटेला जात नाहीत. निऑनबद्दल थोडी शंका आहे. संख्या कमी असली की ते लांब पंखांना चोच मारतात. गप्पी गेल्यावर त्यांची संख्या 12 करा, म्हणजे ते आपापसातच गुंतून राहतील. नव्याने घेणार असतात तर मी एंबर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा सांगितले असते. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा, विडो टेट्रा, एंजल आणि कुठलाही गोरामी यांच्यासोबत फायटर ठेवू नका. गोल्डफिश तर नकोच, त्याला थंड पाणी लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फायटर आणण्याच्या आधी त्याला हलवायची सोय तयार हवी. कायमचा टँक लागत नाही. 20 लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, छोटा हीटर आणि स्पंज फिल्टर पुरतो. तो स्पंज आत्तापासून मोठ्या टँकमध्ये चालू ठेवा, म्हणजे त्यात पाणी साफ ठेवणारे जिवाणू तयार राहतील आणि वेळ आली की डबा तासाभरात मांडता येईल. एवढी तयारी करायची नसेल तर माझं उत्तर नाही असं आहे.

हिरवंपाणी

शेवाळ यांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, तरी मी विरोधात मत देतेय. हाफमूनचे पंख माणसाने निवडून निवडून एवढे मोठे केलेत. खाचरातला मूळ फायटर आखूड पंखांचा, मातकट रंगाचा आणि चपळ असतो. हाफमूनला ते ओझं घेऊन पोहायला आधीच कष्ट पडतात, त्यात भोवती सतत झुळझुळ फिरणारे टेट्रा. भांडण झालं नाही म्हणजे तो सुखात आहे असं होत नाही. पंख मिटून, एका पानाआड तासन् तास बसून राहिलेला फायटर "शांत आहे" म्हणून लोक खूश होतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

20-25 लिटरचा एकट्याचा टँक, हीटर, दोन झाडं आणि एक नेराइट गोगलगाय. एवढ्यात तो राजासारखा राहतो. खायला घालणाऱ्याला ओळखून काचेपाशी येतो. लेकीला त्याच्याशी जास्त जवळीक अशा टँकमध्येच वाटेल. दुसऱ्या टँकला जागा नाही म्हणता, पण अभ्यासाच्या टेबलावर एक फूट जागा निघत असेल तर बघा.

गोदाकाठ

हीटरचा मुद्दा मागे पडू नये. तुमचं पुणं आणि आमचं नाशिक, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. हीटरशिवायच्या टँकमध्ये निऑन तग धरतील, फायटर नाही. त्याला 25 ते 28 अंश लागतात. थंड पाण्यात तो सुस्तावतो, खाणं सोडतो आणि मग पंख कुजण्यापासून सगळं मागे लागतं. 60 लिटरला 50 वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरे. कोरी ब्राँझ आहेत, म्हणजे त्यांना फार गरम चालत नाही. तेव्हा 25-26 वर लावा, सगळ्यांचं भागतं. स्टर्बाय कोरी मिळाल्या तर त्या गरम पाण्यात जास्त खूश असतात, पण महाग पडतात.

उन्हाळ्यात उलट करायचं. दुपारी पाणी 30 च्या वर चढलं की झाकणाची फट वाढवून वरून पंखा सोडा. पंख्याने पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते, तेवढं रोज भरायला विसरू नका.

आणखी एक. लाइट गेली तर फायटर हवेवर निभावतो, टेट्रा आणि कोरी मात्र लवकर गुदमरतात. बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या.

कोरीताई

खाण्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कम्युनिटीत फायटर आजारी पडण्याचं मोठं कारण भांडण नसून पोट असतं. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा तो मासा. पण समोर दिसेल ते खातो. टेट्रांचे फ्लेक्स, वरून कोरींच्या गोळ्या, आणि मग फुगलेलं पोट घेऊन तिरका पोहायला लागतो.

मी काय करते: रोज एकाच कोपऱ्यात त्याला आधी तीन-चार पेलेट देते. तो तिथे खात असताना दुसऱ्या टोकाला टेट्रांना बारीक चुरलेलं खाणं. कोरींच्या गोळ्या दिवे मालवल्यानंतरच टाकते, तेव्हा फायटर पानावर झोपायला गेलेला असतो. ठरलेला कोपरा त्याला काही दिवसांत कळतो. आठवड्यातून एक दिवस कुणालाच काही नाही. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) आवडतात म्हणून रोज देऊ नका, डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) पोटाला जास्त बरा.

वसईवाला

थोडं पाण्याबद्दल. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, बदलाच्या पाण्याला अँटीक्लोरीन घालाच. बोअरचं पाणी दख्खनच्या खडकातून येतं, बहुतेक ठिकाणी जड असतं. फायटर ते सोसतो, पण मऊ पाण्यावरून एकदम जड पाण्यावर नेलं तर सगळ्याच माशांना धक्का बसतो. उन्हाळ्यात एकदम अर्धा टँक बदलण्यापेक्षा आठवड्याला 15-20 टक्के बदला.

रस्त्याकडेच्या देशी बदामाची (टर्मिनेलिया कटापा) गळून पडलेली, पूर्ण वाळलेली पानं धुऊन एक-दोन टाका. पाणी चहासारखं तांबूस होतं, पण फायटरला ते मानवतं आणि कोरी पानांखाली शोधत बसतात. फवारणी होते अशा बागेतली पानं घेऊ नका.

मुठेकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. गप्पी बहिणीकडे जातायत, तिच्याकडे टेरेसवर मोठं टाकं आहे. सकर परत घ्यायला दुकानदार तयार झालाय. हीटर आणि स्पंज फिल्टर या आठवड्यात घेते. हिरवंपाणी, तुमचं लिहिणं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला त्रास झाला तर माझ्या टेबलावर ठेवू. म्हणजे डब्याची जागा ठरली.

तीन प्रश्न राहिले. हाफमूनऐवजी आखूड पंखांचा प्लाकाट घेतला तर? नराऐवजी मादी चालेल का? आणि फिल्टरच्या धारेचं काय करू?

शेवाळ

प्लाकाट तब्येतीने दणकट असतो, पंख फाटत नाहीत, टेट्रांनाही चोचायला काही सापडत नाही. पण तो वेगवान असतो, मागे लागला तर गाठतो. तुमच्याकडे निऑन आहेत, तेव्हा मी प्लाकाटकडे झुकेन, फक्त पहिले काही दिवस जास्त लक्ष ठेवा. मादी एकटी असेल तर छान पर्याय आहे, बहुधा नरापेक्षा सौम्य असते. चार-पाच माद्या एकत्र ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, 60 लिटरमध्ये त्या एकमेकींना जगू देणार नाहीत.

दुकानात निवडताना बरणीबाहेर बोट हळू फिरवा. जो बोटामागे येतो, पण लगेच कल्ले फुगवून काचेवर धडकत नाही, तो घ्या. पोट खपाटीला गेलेला किंवा पंख मिटलेला नको. घरी आणून आधी दोन-तीन आठवडे त्या डब्यातच वेगळा ठेवा, पांढरे ठिपके वगैरे काही असेल तर तिथेच कळेल. नवे निऑनही असेच वेगळे ठेवा आणि त्याच्या आधी टँकमध्ये सोडा. फायटर सगळ्यात शेवटी. सोडायच्या दिवशी दगड-लाकडाची जागा बदला, दिवे बंद ठेवा.

नंतर एकदा कल्ले फुगवले, दोन पावलं मागे धावला, तर घाबरू नका, नवं घर आहे. पण तो सतत एकाच्याच मागे असेल, कोरी खायला बाहेर येईनाशा झाल्या, किंवा त्याचेच पंख कुरतडलेले दिसले तर त्याच दिवशी डब्यात हलवा. पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं तर त्या कोपऱ्यात तो काही दिवस जास्त तापट असतो, तेही ध्यानात असू द्या.

दोनफुटी

धारेचं मी सांगतो. फिल्टरच्या तोंडाखाली भरड स्पंजचा तुकडा बसवा, पाणी त्यातून झिरपत उतरतं. आत ओढणाऱ्या नळीलाही स्पंजची टोपी घाला, नाहीतर लांब पंख अडकतात. दोन्ही स्पंज पाणी बदलताना टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचे, नळाखाली नाही.

हिरवंपाणी

टेबलावरची जागा ठरली हे वाचून बरं वाटलं. मग डब्याऐवजी थेट 20 लिटरचा काचेचा छोटा टँकच घ्या ना. खर्चात फार फरक पडत नाही आणि त्याला तिथेच राहायची वेळ आली तर पुन्हा हलवावं लागणार नाही.