स्टर्ट्स डेझर्ट पी : ते काळं बोंड म्हणजे काय

स्टर्ट्स डेझर्ट पी या ऑस्ट्रेलियातल्या रानझाडाच्या लालभडक फुलाच्या मधलं काळं चकचकीत बोंड म्हणजे त्याचं बी का, असा प्रश्न पडला असेल, तर नाही, तो पाकळीचाच फुगलेला भाग आहे. हे वाटाण्याच्या कुळातलं फूल, वर उभी असते ती ध्वज पाकळी आणि तिच्याच बुडाशी तो काळा उंचवटा, काही झाडांना तो लालच असतो आणि क्वचित अख्खं फूल पांढरं पण मिळतं. साइझ बघाल तर थक्क व्हाल, एकेक फूल ९ सेंमीपर्यंत लांब! परागीभवन मुख्यतः पक्षी करतात.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात, लाल मातीत हे जमिनीसरपट पसरतं, पानं राखाडी नि लवदार, मूळ मात्र सरळ खोल जातं म्हणून उपटून कुंडीत लावायच्या भानगडीत पडू नका, मुळाला धक्का लागलेला त्याला अजिबात खपत नाही. बियांचं कवच इतकं टणक की वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात आणि चांगला पाऊस झाला की उगवतात, घरी पेरायचं तर सँडपेपरने घासून घ्या. साउथ ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे हे, १९६१ पासून.