छाया, सावली की पडछाया? चित्रातल्या अंधाराला काय म्हणायचं?

कागदपेन्सिल

मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या एका छोट्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे आणि तिसऱ्याच पानावर अडले आहे. चित्र असं आहे: खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर एक अंडं ठेवलंय, उजेड डावीकडून येतोय. अंड्याची उजवी बाजू हळूहळू काळवंडत जाते, तिला मूळ पुस्तिकेत 'फॉर्म शॅडो' म्हटलंय. अंड्याच्या बुडापासून निघून कागदावर लांबट पसरते ती 'कास्ट शॅडो'. मी पहिलीला 'छाया' आणि दुसरीला 'सावली' लिहून पुढे गेले.

मजकूर तपासणारी माझी मैत्रीण स्वतः चित्रकला शिकवते. तिने सगळीकडे 'छाया' खोडून 'सावली' केलं. वर लिहिलं, "दोन्हींचा अर्थ एकच, मुलांना कशाला गोंधळात टाकतेस?"

माझ्या कानाला मात्र अर्थ एकच वाटत नाही. 'चेहऱ्यावर काळजीची छाया' असं आपण म्हणतो, 'काळजीची सावली' म्हणत नाही. आणि 'चेहऱ्यावर सावली पडली' म्हटलं की कुणीतरी उजेडाच्या आड उभं राहिलंय असंच वाटतं. छाया त्या चेहऱ्याचीच असते, सावली दुसऱ्याची येऊन पडते. हा भेद मराठीत खरंच आहे, की मीच तो कल्पनेने उभा केला आहे? शिवाय अंड्याच्या काळ्या बाजूला अगदी कडेशी कागदावरून उलटून आलेला मंद उजेड दिसतो, त्यालाही शब्द हवा आहे. 'परावर्तित प्रकाश' म्हटलं की विज्ञानाचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं.

आडवीरेघ

शब्द कोणतेही घ्या, पण दोन वेगळे घ्या ही कळकळीची विनंती. हा भेद कुणी शब्दात सांगितला नव्हता म्हणून माझी वस्तुचित्रं पहिलं अख्खं वर्ष चपटी राहिली. वस्तूची काळी बाजू आणि खालची सावली मी एकाच दाबाने, एकाच पेन्सिलीने भरायचो. दोन्ही मिळून एक काळा डाग व्हायचा आणि त्यात वस्तू हरवून जायची.

मग एका सरांनी दिवा लावून समोर पांढरा चेंडू ठेवला आणि म्हणाले, "चेंडूवर कड शोध." तासभर बघत बसलो. चेंडूवर उजेड कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवताच येईना. कागदावर पडलेल्या सावलीला मात्र स्पष्ट कड होती. "ही वळते आणि ती पडते, एवढं लक्षात ठेव," ते म्हणाले. वळणाऱ्या अंधाराला कड नसते, तो सावकाश उतरतो. पडणाऱ्याला कड असते, आणि तीही सगळीकडे सारखी नसते: चेंडू कागदाला टेकतो तिथे धारदार, लांब जावं तशी विरघळत जाणारी.

आम्ही मुलं मात्र दोन्हीला 'शेड'च म्हणायचो. शेड मारणं, शेड देणं, शेड घासणं. तोंडात बसलेला शब्द आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

शब्दवेल्हाळ

ताई, तुमचा शब्द तयारच आहे: पडछाया! पडलेली छाया ती पडछाया. अंगावर राहते ती छाया, जमिनीवर पडते ती पडछाया. इतकी सरळ जोडी असताना 'सावली'ला वेठीला कशाला धरता? सावली म्हणजे बसायची जागा, उन्हातून आल्यावर मिळणारा विसावा. तिला चित्राच्या तांत्रिक परिभाषेत कोंबू नका.

धुळाक्षर

थोडं थांबा. पडछाया शब्दातला 'पड' पडण्यातला नाही. तो 'प्रति'पासून आला आहे. प्रतिशब्द, पडिसद्द, पडसाद. प्रतिजिह्वा, पडजीभ. तशीच प्रतिच्छाया, पडछाया. पडसादात काही 'पडत' नाही, ध्वनी उलटून येतो. त्यामुळे पडछायेचा मूळ कल प्रतिबिंबाकडे आहे. काटेकोर राहायचं तर कागदावरून अंड्याच्या काळ्या कडेवर जे उलटून येतं, त्याच्याशी 'पडछाया'चं नातं जास्त जवळचं!

आणि मुळात ही शोधाशोध कशासाठी? चित्रातल्या छायेला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: वर्तना. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानासारख्या रेघांची पत्रवर्तना, अतिशय सूक्ष्म रेघांची दुसरी, आणि ठिपक्यांची बिंदुवर्तना. आज मुलं रेघांची जाळी विणून किंवा ठिपके देऊन शेडिंग करतात, ते हेच. त्याच ग्रंथात म्हटलंय, 'रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः'. आचार्य रेषेची वाखाणणी करतात आणि जाणकार वर्तनेची. इतका सुंदर शब्द पडून असताना 'शेड मारणं' चालवून घ्यायचं?

आडवीरेघ

चालवून घ्यायचं नाही, ते चालतंच आहे. दहा वर्षांच्या मुलाला 'वर्तना' म्हटलं तर त्याला वर्तणूक आठवेल.

पण तुमच्या माहितीने एक गोष्ट लख्ख झाली. वर्तना म्हणजे नुसती वळणारी छाया, पडणारी नव्हे. अजिंठ्याची चित्रं डोळ्यांसमोर आणा. गाल, नाक, दंड कसे गोलाई घेऊन पुढे येतात! पण त्या माणसांच्या पायाशी जमिनीवर सावली शोधा, सापडत नाही. दिवा कुठे आहे हा प्रश्नच त्या चित्रकारांनी स्वतःला घातलेला नाही. त्यांना वस्तूचा फुगीरपणा हवा होता आणि तो त्यांनी पडत्या सावलीवाचून मिळवला. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कागदपेन्सिल यांचं म्हणणं बरोबरच आहे.

शब्दवेल्हाळ

धुळाक्षर, व्युत्पत्ती मान्य. पण आज बोलणाऱ्याला पडछायेत 'पडणं'च ऐकू येतं, आणि शब्द बोलणाऱ्याच्या कानात जगतो. कोशातल्या कंसात नव्हे.

व्युत्पत्तीवरून आठवलं, आमच्या आजीचं म्हणणं होतं की सावली 'सावळी'पासून आली. श्यामलची सावळी, सावळीची सावली. उन्हाने रापलेल्या जमिनीवरचा सावळा तुकडा म्हणजे सावली. मला हे फार पटायचं.

धुळाक्षर

ऐकायला गोड आहे, पण ल-ळ आड येतात. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो: फल-फळ, मूल-मूळ. दुहेरी ल्ल असेल तिथे ल उरतो. 'काळ' आणि 'काल' बघा. काळ हा संस्कृत 'काल'पासून, पण काल (आदला दिवस) हा 'कल्य'पासून, मध्ये 'कल्ल' होऊन. म्हणून श्यामलचं सावळा झालं ते नियमाने. सावलीत ळ नाही, ल आहे, तेव्हा ती श्यामलची लेक असणार नाही. जुन्या मराठीत 'साउली' असं रूप आहे, ते छायेच्याच घरातलं वाटतं. म्हणजे कागदपेन्सिल यांच्या मैत्रिणीचं म्हणणं मुळात खरं ठरेल, छाया आणि सावली एकच.

कागदपेन्सिल

मुळात एक असतील, पण आज दोन रूपं आहेत. मग दोघींना दोन कामं वाटून दिली तर काय बिघडलं? भाषा हेच तर करते. तुमच्याच उदाहरणात ल आणि ळ यांनी दोन काळ वाटून घेतले आहेत!

आणखी एक आठवलं. संस्कृत नाटकातल्या प्राकृत संवादांचं संस्कृत रूपांतर देतात, त्याला 'छाया' म्हणतात. रागातही दुसऱ्या रागाची छाया येते. तिथे कुठेच काही पडत नाही. एक पोत दुसऱ्या पोतावर हळूच येतो. अंड्याच्या कुशीवरचा अंधार मला नेमका तसाच दिसतो.

पाऊणचंद्र

मी चित्रकार नाही, दुर्बिणीतून चंद्र बघणारा माणूस आहे, पण इथे दोन शब्द देऊ शकतो. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया असतात: गडद गाभा आणि त्याभोवतीची फिकट कड. आडवीरेघ यांनी सांगितलेली विरघळणारी कड म्हणजे उपच्छायाच. सूर्य ठिपक्याएवढा नाही, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड अंतरासोबत पसरते. उन्हात पेन्सिल कागदाला टेकवून धरा, कड सुरीसारखी दिसेल. तीच पेन्सिल मीटरभर वर न्या, कडेचा धूसर पट्टा जवळपास 9 मिलिमीटर होतो. पेन्सिल स्वतः त्याहून बारीक असल्यामुळे सावलीत गडद गाभा उरतच नाही, नुसती पुसट झाक दिसते. चित्रात लांबची सावली धारदार काढली की ती कापून चिकटवल्यासारखी दिसते, त्याचं कारण हे.

दुसरा शब्द माझ्या मनातला आहे, कोशात मिळणार नाही. चंद्रावर उजेड संपून अंधार सुरू होतो त्या सीमेला मी माझ्या वहीत 'सांजरेघ' लिहितो. विवरं पाहायची तर तिथेच पाहावीत. सूर्य तिथे क्षितिजाशी असतो, त्यामुळे लहानशा उंचवट्याचीही सावली लांब पडते. पौर्णिमेला तीच विवरं सपाट होऊन जातात, कारण उजेड समोरून पडतो. तुमच्या अंड्यावरही अशी सांजरेघ असणार.

आडवीरेघ

सांजरेघ! दादा, हा शब्द मी वापरणार. अंड्यावर ती आहेच आणि गंमत अशी की सगळ्यात गडद पट्टा तिच्या जरासा पलीकडे असतो, अगदी टोकाच्या कडेला नव्हे. टोकाकडे कागदावरून उलटलेला उजेड पोचतो, म्हणून तिथे अंधार थोडा निवळतो. नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते. कडेचा तो उजेड दिसला की हरखून जातात आणि खोडरबर घेऊन इतका उजळ करतात की अंड्याला दोन खिडक्यांचा उजेड लागल्यासारखं होतं. छायेतला सगळ्यात उजळ भाग उजेडातल्या सगळ्यात मळकट भागापेक्षाही गडदच ठेवायचा. खात्री नसेल तर डोळे किलकिले करून बघा. छायेची सगळी बाजू एक होऊन जायला हवी.

धुळाक्षर

सांजरेघेला माझी हरकत आहे. चंद्राच्या त्या सीमेवर अर्धा महिना सूर्य उगवत असतो. तिथे सांज कुठली? 'संधिरेषा' म्हणा, त्यात दोन्ही संधिकाल येतात.

पाऊणचंद्र

तुमची हरकत रास्त आहे. पण 'संधिरेषा' म्हटलं की व्याकरणाचं पुस्तक उघडतं, आणि 'सांजरेघ' म्हटलं की डोळ्यांपुढे उजेड उतरताना दिसतो. मी माझ्या वहीत बदलणार नाही.

शब्दवेल्हाळ

कडेच्या त्या उजेडाला 'उसना उजेड' म्हणा. कागदाकडून उसना घेतलेला. उसनं घेतलेलं नेहमी थोडं कमीच पडतं, म्हणून तो उजेडाच्या बाजूपेक्षा मंद हे मुलांना आपोआप कळेल.

कागदपेन्सिल

'उसना उजेड' वाचून हातातली पेन्सिल खाली ठेवली. हाच घेते. कागद रंगीत असेल तर तो रंगही उसना येतो, हे पुढच्या पानावर आहे, तिथेही शब्द चपखल बसतोय.

धुळाक्षर

उसना उजेड छान आहे, पण त्यासाठी घडवलेला शब्द नको, आहे तोच घ्या: कवडसा. लहानपणी आरशाचा तुकडा उन्हात धरून भिंतीवर कवडसा पाडायचो. उलटून दुसरीकडे पडलेला उजेड म्हणजे कवडसा.

आडवीरेघ

हे पहिल्यांदा ऐकतोय. कवडसा म्हणजे छपरातल्या भोकातून जमिनीवर येणारा उजेडाचा गोल. आरशाचा त्यात काय संबंध?

शब्दवेल्हाळ

आमच्याकडे भोकातून येणारी ती तिरीप. तिरपी येते, हवेतले धुळीचे कण तिच्यात तरंगताना दिसतात. ती जिथे टेकते तो कवडसा. तिरीप हवेत, कवडसा जमिनीवर. आरशाचाही कवडसाच, कारण तोही भिंतीवर टेकतो. म्हणजे दोघेही बरोबर, पण अंड्याच्या कडेला कवडसा म्हणता येणार नाही. कवडशाला आकार लागतो. अंड्याच्या कडेवर नुसती झाक असते.

पाऊणचंद्र

कवडशाच्या आकाराबद्दल सांगायलाच हवं. भोक चौकोनी असो की फाटकं, पुरेसं लहान असेल आणि जमीन लांब असेल तर कवडसा गोलच पडतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखाली उभे राहा. पानांच्या फटींतून पडलेले सगळे कवडसे कोरीसारखे होतात, शेकडो कोरी एका दिशेला वळलेल्या. दाट झाडाखालची जमीन रंगवताना उजेडाचे तुकडे पानांच्या आकाराचे काढू नका, लंबगोल काढा. ऊन तिरपं असेल तर ते आणखी लांबट होतात.

आडवीरेघ

हे मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिलं असेल आणि प्रत्येक वेळी पानांच्या आकाराचेच काढले. उद्या सकाळी झाडाखाली वही घेऊन बसतो.

कागदपेन्सिल

मंडळी, मैत्रिणीला इथली चर्चा दाखवली. 'पडछाया' तिला मान्य आहे, 'छाया' अजून नाही. अंगावरच्या अंधाराला ती 'काळोखी बाजू' म्हणते आणि मला ते काही केल्या पटत नाही, कारण अंड्यावर काळोख कुठेच नाही, सगळं करडं आहे. पुस्तिकेतल्या सहाव्या पानावर 'हायलाइट' आहे. त्याला 'तकाकी' म्हणावं का? की ती फक्त गुळगुळीत वस्तूची असते?

धुळाक्षर

तकाकीचं नंतर बघू. आधी कवडशाचा निकाल लागू दे. माझ्या मते आरशाचा कवडसा हाच मूळ अर्थ, आणि भोकातल्या उजेडाला तो नंतर चिकटला असावा. कुणाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगता येईल का?