समा की भायली? आईला घेऊन घर बदलतोय

खारीवावचा
मंडळी, मालकांना वाडा पाडायचाय, त्यामुळे दिवाळीच्या आत वडोदऱ्यातलं, खारीवाव रोडवरचं आमचं भाड्याचं घर सोडायचंय. दोन जागा पाहिल्यात. समाला एक जुनं टेनामेंट (सुटं घर), दारात कडुनिंब. आणि भायलीला सातव्या मजल्यावर नवा फ्लॅट. नोकरी नंदेसरीला, म्हणून मला समा बरं. आई ७२ वर्षांची. तिचा अख्खा जन्म दांडिया बाजार ते खंडेराव मार्केट एवढ्यात गेलाय. भायलीत मराठी बोलायला कोण मिळणार, हा तिचा पहिला प्रश्न.

टेनामेंटात एक गोष्ट खटकली. खालच्या खोल्यांतले सगळे प्लग माझ्या खांद्याच्या वर. फ्रिजचासुद्धा, वायर ताणून लावलेली. दलाल म्हणाला, "घरमां नानां छोकरां हतां ने, एटले." ती छोकरं आता कॅनडात आहेत म्हणे. भाव मात्र आजूबाजूपेक्षा बराच कमी. घ्यावं का?

चिखल_उपशा
अहो, छोकरं कसली, विश्वामित्री नदी! आम्हीही समाचेच. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिमीच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा घरात गुडघाभर पाणी. प्लग हातभर वर घेतले. ऑगस्ट २०२४ ला काला घोडा पुलाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि ते वर घेतलेलेही बुडाले. तुम्ही पाहिलंत ते बहुतेक दुसऱ्या खेपेचं काम. दिवाणाच्या पेटीत आजेसासूबाईंची नऊवारी होती, ती बाहेर काढली तेव्हा काठ कुठला नि पदर कुठला कळेना.
दलालाला विचारूच नका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. त्याची टपरी बुडालेली असते, तो बोटाने दाखवेल.

नकाशावाला
सगळं समा बुडत नाही हो, गल्लीगल्लीत फरक आहे. भूखी कांस (नाला) किती जवळ आहे ते पाहा. नदी चढली की कांशीचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं वस्तीत शिरतं. नदी पावागढकडून येते, त्यात आजवा धरणाचं पाणी. म्हणजे आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढतच असतं.
भायलीला जायचं तर पावसात एकदा जाऊन या. सेवासदनाचा (महापालिकेचा) रस्ता सोसायटीच्या फाटकापेक्षा उंच असेल तर सगळं पाणी तुमच्याच पार्किंगमध्ये. रेरा नंबर आणि बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) पाहिल्याशिवाय बानाखत (साठेखत) करू नका. आणि दस्त एकट्या आईंच्या नावावर केलात तर १ टक्का नोंदणी फी वाचते. ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी मात्र सुटत नाही.

मांडवीची काकू
एवढं लांब कशाला जाता? इकडेच बघा की, आईंना भाजीला पायी जाता येईल. फक्त जुन्या गावात बऱ्याच भागाला अशांत धारा (दंगलग्रस्त भागांतल्या घरविक्रीचा कायदा) लागू आहे, कलेक्टरच्या परवानगीशिवाय सौदा होत नाही. दिवाळीचं म्हणताय, तेवढ्यात ती मिळेल असं धरून चालू नका. आमच्या शेजारचं घर त्यापायीच अडकलंय. आणि गाडी लावायला जागा नाही, हे आधीच सांगते.

खारीवावचा
रविवारी आईला घेऊन समाला गेलो. इस्त्रीवाल्याने भिंत नाही, कडुनिंब दाखवला: बुंध्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर अजून चिखलाची रेघ आहे. वर म्हणाला, पाण्यात मगरही फिरत होती. आईने झाडाला हात लावला, इस्त्रीवाल्याला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.
संध्याकाळी भायली. फाटक रस्त्याहून वीतभर उंच आहे, मोजलं. लिफ्टमध्ये आईने एकच विचारलं, "वीज गेली की सात मजले मी कशी चढू?" उतरताना तिनेच वॉचमनशी गुजरातीत गप्पा मारून दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट शोधून काढला. आता त्याचा भाव काढतोय. नंदेसरीचं माझं मी बघेन.