हेझी आयपीएचा कॅन साध्या स्ट्राँगच्या दुपटीनं महाग काहून?

पैनगंगा_काठ
यवतमाळ जिल्ह्यात नागपूर-हैदराबाद हायवेच्या बाजूला बिअर शॉपी आहे. पुण्या-बंगलोरला नोकरी करणारी पोरं पोळ्याला, दिवाळीला घरी आली की हेझी आयपीए (फळांच्या वासाची, गढूळ दिसणारी बिअर) मागतात. 500 मिलीच्या कॅनची एमआरपी लिटरवर काढली तर 650 मिलीच्या स्ट्राँग बाटलीच्या दुपटीच्या वर जाते. बाकीचं गिऱ्हाईक विचारतं, "गढूळ बिअरचे इतके पैसे काहून?" गाळायचा खर्चच नाही, मग ती स्वस्त पाहिजे ना? पैसा नेमका कुठं जातो ते कोणी आकड्यात सांगेल का? आणि दोन पेट्या ठेवायच्या झाल्या तर उन्हाळ्यात टिकतील का? इकडं मे महिन्यात पारा 45 वर असतो आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

माल्ट_आणि_पाणी
भाऊ, आधी गाळण्याचं. मोठ्या कारखान्यात गाळायला लिटरमागे खर्च अगदी किरकोळ येतो, त्यामुळे न गाळून फारसं काही वाचत नाही. गढूळपणा न गाळल्यामुळे येतो असंही नाही. ओट्स आणि गव्हाची प्रथिनं हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची बोंडं) पॉलिफेनॉल नावाच्या तुरट घटकांना धरून बसतात, तो हा धुरकटपणा. तळाला बसलेलं यीस्ट वेगळं.

पैसा हॉप्समध्ये जातो. 1000 लिटरचा हिशेब करा.

साध्या लागरला (नेहमीची नितळ बिअर, तुमची स्ट्राँगही त्यातलीच) हॉप्स फक्त कडवटपणापुरते लागतात. ते उकळत्या वर्टमध्ये (धान्याचं गोड पाणी, ज्याची पुढं बिअर होते) टाकतात, तिथं कडवटपणा चांगला निघतो, म्हणून 1000 लिटरला पाऊण ते एक किलोत काम होतं. हेझीला पाहिजे असतो वास: आंबा, संत्रं, पॅशनफ्रूट. वासाची तेलं उकळीत उडून जातात. म्हणून हॉप्स टाकावे लागतात उकळी बंद करून 75-85 अंशांवर व्हर्लपूलमध्ये (वर्ट गोल फिरवून गाळ बसवायची टाकी), आणि नंतर थंड फर्मेंटरमध्ये (आंबवायची टाकी) ड्राय हॉप म्हणून. थंडाव्यात तेल कमी उतरतं, मग माल वाढवावा लागतो. व्हर्लपूलला 4 किलो, ड्राय हॉपला 11 किलो, एकूण 15 किलो. हे नेहमीचं प्रमाण आहे, यापेक्षा जास्त टाकणारेही आहेत.

आता जो भाग कोणी मोजत नाही तो. हॉप्सच्या गोळ्या बिअर पिऊन फुगतात आणि तळाशी हिरवा चिखल होऊन बसतात. किलोमागे 8 लिटर धरा, म्हणजे 11 किलोत जवळपास 90 लिटर बिअर चिखलासोबत गटारात. यीस्टचा गाळ, पाइपांत राहिलेली आणि कॅन भरताना सांडलेली धरली तर 1000 मधून हातात 830 लिटरच्या आसपास येते. मोठ्या लागरवाल्याला 950 मिळते.

हॉप्स किलोला 4,000 रुपये धरले (सिट्रा, मोझॅक, गॅलॅक्सीसारखे परदेशी वाण, आयात शुल्कासकट, लहान गिऱ्हाइकाचा भाव), तर 60,000 भागिले 830 म्हणजे लिटरला 72 रुपये. एका कॅनमध्ये 9 ग्रॅम हॉप्स, 36 रुपयांचे. लागरच्या 650 मिलीत पाऊण ग्रॅमसुद्धा नाही, आणि तेही स्वस्त कडू वाणाचे. सिट्रा, मोझॅक हे मालकी हक्काचे वाण आहेत, कोणीही उठून लावू शकत नाही, त्यामुळे भाव पडत नाही.

माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) फरक आहे, पण लहान. साडेसहा टक्क्यांच्या हेझीला 1000 लिटरमागे 265 किलोच्या आसपास धान्य, पाच टक्क्यांच्या लागरला 160. त्यात ओट्स 15-20 टक्के असले की मॅश (धान्य आणि गरम पाण्याचा लगदा) चिकट होऊन गाळण अडतं, एका दिवसात दोन घाण्यांऐवजी एकच निघतो. तरी कॅनमागे पाचेक रुपयांच्या वर फरक जात नाही.

"क्राफ्ट (लहान कारखान्याची खास बिअर) म्हणजे महिनोन्महिने मुरवलेली" असं काही दुकानदार सांगतात. ते चूक आहे. हेझी दोन-तीन आठवड्यांत कॅनमध्ये जाते आणि ताजी पिण्यातच तिचं मोल आहे.

जमाखर्च_वणी
वरचे 36 रुपये गिऱ्हाइकापर्यंत 36 राहत नाहीत, खरी गोम तिथं आहे.

महाराष्ट्रात बिअरवरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या टक्क्यांत बसतं. समजायला सोपं म्हणून शुल्क खर्चाच्या दीडपट धरा (खरा दर चालू आदेशात पाहा). कारखान्यात एक रुपया वाढला की तो दारातून अडीच होऊन निघतो. त्यावर होलसेलरचं मार्जिन, तुमचं मार्जिन, वर व्हॅट. असे 36 चे सव्वाशे व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे चांगला माल वापरणाऱ्याला टॅक्सही त्याच पटीत जास्त.

दुसरं, दारू जीएसटीच्या बाहेर आहे. माल्ट, हॉप्स, कॅन, भाडं या सगळ्यांवर जीएसटी भरावा लागतो, पण विकताना त्याची वजावट मिळत नाही. तो सगळा खर्चातच मिसळतो आणि त्यावर पुन्हा शुल्क लागतं.

तिसरं लेबल. प्रत्येक लेबलची मंजुरी आणि फी वेगळी. एकच लेबल लाखो पेट्यांवर लावणाऱ्याला ती जाणवत नाही. दर दोन महिन्यांनी नवी हेझी काढून चारशे पेट्या विकणाऱ्याला पेटीमागे चांगलीच बसते. कॅनचंही तेच. छापील कॅन घ्यायचे तर ऑर्डर लाखांच्या घरात लागते, म्हणून लहान कारखाने कोऱ्या कॅनवर प्लास्टिकचं आवरण चढवतात. नगामागे ते महाग पडतं.

तुमच्या कामाची गोष्ट: 5 टक्क्यांच्या आतल्या माइल्ड बिअरला शुल्क कमी आहे. होलसेलरकडं 4.8 टक्क्यांची सेशन (कमी अल्कोहोलची) हेझी मागा. वास तोच, धान्य कमी, शुल्क कमी. आपल्याकडं खपायची असेल तर हीच खपेल.

थंड_साखळी
टिकण्याचं सांगतो, कारण तुमचा पैसा तिथं बुडू शकतो.

हेझीचा वैरी ऑक्सिजन, आणि उष्णता त्याला जोर देते. ब्रुअरीवाले एक ढोबळ नियम वापरतात: 32 अंशांना 3 दिवस, 22 अंशांना 30 दिवस आणि 3 अंशांना 300 दिवस, या तिन्हींत बिअरचं नुकसान सारखंच. आता मे महिन्यात पुण्याहून साध्या ट्रकमध्ये निघालेली पेटी तुमच्याकडं पोचेपर्यंत आणि मधे गोदामात पडून राहिली तर तिचं काय होतं ते समजून घ्या. लागर हे सोसते. हेझीत हॉप्सची तेलं आणि पॉलिफेनॉल जास्त, ओट्समधून मॅंगनीज येतं, त्यामुळे ती लवकर बिघडते. म्हणूनच चांगला कारखाना कॅनमध्ये एकूण ऑक्सिजन 100 पीपीबीच्या (अब्ज भागांत 100 भाग) आत, जमलं तर 50 च्या आत ठेवतो. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड जास्त वापरावा लागतो आणि महागडं मीटर लागतं. तोही खर्च किमतीत आहेच.

ओळखायची कशी? काचेच्या पारदर्शक ग्लासात ओता. ताजी हेझी हळदीच्या दुधासारखी फिकट पिवळी दिसते, नाकाला संत्र्याची साल जाणवते. बिघडलेली आधी मळकट नारिंगी होते, मग चिखलासारखी तपकिरी, किंचित जांभळट. फळाचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा येतो. आणि वरची बिअर नितळ होऊन तळाला गोळे बसले असतील तर ती म्हातारी झाली समजा.

दुकानात एवढं करा. कॅनच्या बुडावरची भरल्याची तारीख पाहूनच पेटी उतरवा, 45 दिवसांच्या वरची परत. कूलर 2 ते 4 अंशांवर, रात्री वीज वाचवायला बंद करायचा नाही. हेझी खालच्या कप्प्यात मागं ठेवा. दार उघडल्यावर गरम हवा वरच्या आणि पुढच्या कॅनला आधी लागते. लाईन गेली तर दार उघडू नका, भरलेला कूलर बंद दारानं दोन-तीन तास सहज निभावतो, अर्धा रिकामा असेल तर निभावत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. व्होल्टेज उतरत असेल तर स्टॅबिलायझर लागेलच. मार्च ते जून एका वेळी एकच पेटी, 24 कॅन.

फुगलेला कॅन दिसला तर गार करून विकू नका. ड्राय हॉपमध्ये एन्झाइम असतात, ते उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचणारा पिठूळ भाग) साखर करतात, आणि कॅनमध्ये यीस्ट शिल्लक असेल तर गरमीत ते पुन्हा कामाला लागतं. बॅच नंबरचा फोटो काढून होलसेलरला कळवा.

माल्ट_आणि_पाणी
याला हॉप क्रीप म्हणतात. ते टाळायला ड्राय हॉपनंतर बिअर चार-सहा दिवस जास्त थांबवावी लागते. नमुना बंद बरणीत 60 अंशांवर अर्धा तास ठेवून गार करून हुंगतात, लोण्यासारखा वास आला तर अजून थांबायचं. घाई करणाऱ्याचा माल तुमच्या कूलरमध्ये फुगतो.

हॉप्स कमी टाकूनही चांगली हेझी होते. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या 2018 मधल्या कामात लिटरला 8 ग्रॅमच्या वर ड्राय हॉप वाढवून वास त्या प्रमाणात वाढत नाही असं दिसलं. मी वर 11 धरले होते. म्हणजे शेवटचे 3 ग्रॅम बहुतेक चिखलच वाढवतात.

कपाशी_तूर
राजेहो, एक शेतकऱ्याचा प्रश्न. हॉप्स किलोला 4,000 ने जातो तर आपल्या काळ्या जमिनीत वेल चढवता येईल का? मांडव आपल्याला नवीन नाही.

माल्ट_आणि_पाणी
नाही जमणार, भाऊ. हॉप्स 35 ते 55 अक्षांशांतलं पीक आहे: अमेरिकेत याकिमा खोरं, जर्मनीत हॅलरटाऊ. वेल पाच-सहा मीटर चढेपर्यंत दिवस पंधरा तासांचा लागतो. आपण 20-21 अक्षांशावर, जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आत. वेल कमरेएवढी असतानाच फुलावर येते आणि मूठभर बोंडं देऊन थांबते. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये हे पीक घेतलं गेलं, तेही उंचीवरच्या थंडीमुळे. कोणी रोपं विकायला आलं तर पैसे देऊ नका.

पैनगंगा_काठ
भरपूर उलगडा झाला. 4.8 वाली एक पेटी पोळ्याच्या आधी मागवतो. होलसेलर नागपूरचा आहे, गाडी हिंगणघाटवरून येते.

जमाखर्च_वणी
मग मधे वर्धा जिल्हा लागतो, तिथं दारूबंदी आहे. माल ट्रान्सपोर्ट पास असलेल्या गाडीतूनच आणि पासवर लिहिलेल्या रस्त्यानंच येऊ द्या. एकच पेटी आहे म्हणून ओळखीच्या कारमध्ये टाकून आणायची नाही. आणि गाडी सकाळी सहाच्या आत नागपूर सोडेल असं सांगा, म्हणजे ऊन चढायच्या आधी पेटी कूलरमध्ये लागेल.